जर, नाहीतर आणि जोवर

संगणकाला आज्ञा देण्याचे शास्त्र, ज्याला आज सर्वजण प्रोग्रामिंग म्हणतात, ते मराठीच्या वर्गाबाहेरचे आहे अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती पूर्णतः खरी नाही. हे शास्त्र शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या काही आठवड्यांतच दोन गोष्टी आत्मसात कराव्या लागतात. पहिली, अट घालणे: अमुक असेल तर हे कर, नसेल तर ते कर. दुसरी, आवर्तन: अमुक होत नाही तोवर हेच पुन्हा पुन्हा कर. पाठ्यपुस्तके पहिलीला ‘इफ-एल्स’ आणि दुसरीला ‘लूप’ म्हणतात. नावे परकी आहेत, पण या दोन्ही गोष्टींचे मूळ माणसाच्या वाक्यात आहे. वाक्य आणि त्याची रचना हा तर आपलाच प्रांत. म्हणून अट आणि आवर्तन यांचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकानेही एकदा पाहावा, असे मला वाटते. भाषेत जे आपण गृहीत धरतो, झाकून ठेवतो किंवा ऐकणाऱ्यावर सोपवतो, त्यातील नेमके काय यंत्रापुढे उघड सांगणे भाग पडले, हे या इतिहासातून कळते.

प्रारंभ व्याकरणापासूनच करू. मराठी क्रियापदाचे चार अर्थ आपण शाळेत शिकलो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. संगणकाशी बोलताना यांपैकी मुख्यतः आज्ञार्थच उपयोगी पडतो आणि संकेतार्थाचा केवळ एक तुकडा. ‘पाऊस पडला असता, तर पीक आले असते’ हे संकेतार्थी वाक्य दोन गोष्टींचा संबंध तर सांगतेच. शिवाय पाऊस पडला नाही ही वस्तुस्थिती आणि तिची हळहळही सांगते. ‘पाऊस पडला तर पेरू’ यात योजना आहे, ‘आलास तर बघ’ यात धमकी आहे, ‘जमलं तर ये’ यात मोकळीक आहे. यंत्राच्या ‘जर’मध्ये यांतले काहीच नसते. तिथे फक्त तपासणी असते: विधान खरे की खोटे.

यंत्राला ‘जरी-तरी’ही कळत नाही. ‘जरी पाऊस पडला नाही, तरी पेरणी केली’ हे वाक्य तर्कशास्त्रात उतरवले तर केवळ ‘पाऊस पडला नाही आणि पेरणी केली’ एवढेच उरते. त्या ‘तरी’मधली जिद्द, किंवा अगतिकता, गळून पडते. जत तालुक्यातल्या शेतकऱ्याचे सारे चरित्र ज्या अव्ययात सामावले आहे, तेच नेमके यंत्राच्या भाषेत नाही.

जतचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा हा अवर्षणग्रस्त तालुका कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे आणि येथील अनेक गावांत घरची भाषा कन्नड, शाळेची मराठी, तर पाठ्यपुस्तकातील प्रोग्रामिंगची इंग्रजी अशी तिहेरी वीण असते. अट व्यक्त करण्याची या तीन भाषांची पद्धत वेगवेगळी आहे. इंग्रजी ‘इफ’ वाक्याच्या आरंभी येऊन ऐकणाऱ्याला सावध करतो. मराठी ‘जर’ने सुरुवात करू शकते, पण बोलताना तो ‘जर’ बहुधा गळतो आणि सारा भार ‘तर’वर येतो: ‘पाऊस आला तर’. कन्नडमध्ये अट क्रियापदाच्या शेवटातच मुरलेली असते. पाऊस म्हणजे ‘मळे’. ‘मळे बंदरे’ म्हणजे पाऊस आला तर, आणि ‘मळे बंदरू’ म्हणजे पाऊस आला तरी. एका स्वराच्या फरकाने ‘तर’चा ‘तरी’ होतो. (मराठी कानाला त्या ‘मळे’त बागायत ऐकू यावी, हा दोन भाषांचा योगायोग.)

आवर्तनाच्या बाबतीत तर मराठीची सोय विशेष आहे. इंग्रजीत ‘व्हाइल’ आणि ‘अंटिल’ हे दोन स्वतंत्र शब्द. पहिल्याने अट खरी आहे तोपर्यंत काम चालते, दुसऱ्याने अट खरी होईपर्यंत. नवशिक्या विद्यार्थ्याची येथे हमखास गल्लत होते, कारण एकाचे दुसऱ्यात रूपांतर करताना अट उलटवावी लागते. मराठीत आपण ‘पाऊस येईपर्यंत थांब’ असेही म्हणतो आणि ‘पाऊस येत नाही तोवर थांब’ असेही. दुसऱ्या वाक्यात ते उलटवणे आधीच झालेले आहे. तो ‘नाही’ भाषेनेच घालून दिला आहे. ‘जोवर-तोवर’ची सवय असलेल्या विद्यार्थ्याला हे दाखवून दिले, तर त्याचा अर्धा गोंधळ तिथेच मिटतो. परंतु हे दाखवणार कोण? संगणकाच्या शिक्षकाला ते व्याकरण वाटते आणि मराठीच्या शिक्षकाला तो संगणक वाटतो.

आता इतिहासाकडे वळू. अट आणि आवर्तन यांची सांगड घालणारी एक अत्यंत सुंदर रीत आपल्याकडे यंत्राच्या कितीतरी आधीपासून आहे. तिचे नाव चक्रवाल. जयदेव नावाच्या गणितज्ञाने अकराव्या शतकात किंवा त्याआधी ती सांगितली होती आणि भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘बीजगणित’ या ग्रंथात तिची मांडणी केली. भास्कराचार्यांचे गाव विज्जडविड. ते जतच्या सीमेपलीकडचे विजापूर, असे एक मत आहे; खानदेशातील पाटणच्या परिसराकडे बोट दाखवणारे दुसरे. तो वाद बाजूला ठेवून आपण रीत पाहू.

प्रश्न असा: अशी एक पूर्ण संख्या शोधा की तिच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्गच मिळेल. प्रथम सोपा प्रयत्न करून पाहावा. १ चा वर्ग १, त्याला ६१ ने गुणले की ६१. त्यात ३ मिळवले तर ६४, म्हणजे ८ चा वर्ग. मिळवायचा होता १, लागले ३. म्हणजे उत्तर नव्हे. पण हा प्रयत्न टाकून द्यायचा नाही. त्यातूनच ठरलेल्या नियमाने पुढची जोडी काढायची. ती येते ५ आणि ३९. ५ चा वर्ग २५, ६१ ने गुणल्यावर १५२५. ३९ चा वर्ग १५२१. या वेळी ४ वजा करावे लागले. येथे रीत सांगते की शिल्लक १ आली तर थांब. उणे १, किंवा अधिक-उणे २ वा ४ आली, तर ब्रह्मगुप्ताचा जुना नियम लावून आडवाटेने उत्तर गाठ. यांपैकी काहीच नसेल, तर आलेली जोडी घेऊन पुन्हा चक्रात शीर. आपल्याला उणे ४ मिळाले आहेत, म्हणून आडवाट मोकळी झाली. तिने जाता जे उत्तर मिळते ते २२,६१,५३,९८० आणि त्याची जोडीदार संख्या १,७६,६३,१९,०४९. हाच ६१ चा प्रश्न १६५७ साली फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने युरोपातील गणितज्ञांना आव्हान म्हणून घातला, तेव्हा भास्कराचार्यांच्या उत्तराला पाच शतके होऊन गेली होती.

वाचकांच्या लक्षात आले असेल की या रीतीत प्रोग्रामिंगच्या पहिल्या दोन्ही धड्यांचा ऐवज आहे. चक्र आहे, प्रत्येक फेऱ्याअंती तपासणी आहे, तपासणीला तीन फाटे आहेत आणि थांबण्याची खूणही आहे. एक गोष्ट मात्र भास्कराचार्यांनी सांगितली नाही: हे चक्र प्रत्येक संख्येसाठी कधीतरी थांबेलच, याची सिद्धता. अशा समीकरणाला उत्तर असतेच, हे अठराव्या शतकात लाग्रांज याने सिद्ध केले. पण खुद्द चक्रवाल रीत नेहमी उत्तरापाशी पोहोचते याची सिद्धता १९२९-३० च्या सुमारास म्हैसूरचे गणिताचे प्राध्यापक ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी दिली.

हे अय्यंगार साहित्याच्या अभ्यासकांना दुसऱ्या नात्याने जवळचे आहेत. कवी, अनुवादक आणि लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांचे ते वडील. रामानुजन यांनी १९५० च्या दशकात काही काळ बेळगावात अध्यापन केले होते. भारतीय विचारपद्धती अशी काही आहे काय, हा प्रश्न विचारणारा त्यांचा प्रसिद्ध निबंध १९८९ चा. त्यात गणित आणि फलज्योतिष दोन्ही सहज बाळगणारे वडील येतात, आणि निबंधाचे मुख्य प्रतिपादन असे की भारतीय परंपरेत नियम संदर्भासह येतो: कोण, कोणासाठी, कोणत्या ऋतूत, कोणत्या अवस्थेत. सर्वांना सर्वकाळ लागू असलेल्या नियमाकडे आधुनिक पाश्चात्त्य विचाराचा ओढा आहे, तर आपल्या परंपरेचा संदर्भानुसार बदलणाऱ्या नियमाकडे. आपल्या विषयाच्या परिभाषेत सांगायचे तर आपली शास्त्रे ‘जर’ने भरलेली आहेत. वडिलांनी चक्राच्या थांबण्याची सिद्धता द्यावी आणि मुलाने परंपरेतील अटींचे मर्म सांगावे, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

भास्कराचार्यांच्या घराण्याशी जोडलेला आणखी एक पुरावा थेट मराठीचा आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला आणि निकुंभ वंशातील सोईदेवाने त्याला दान दिले, ही त्याची हकीकत. लेख संस्कृतात आहे. पण शेवटी जिथे मठाला कोणत्या मालावर काय मिळायचे हे सांगायचे आहे, तिथे तो मराठीत उतरतो. स्तुती संस्कृतात करता येते, परंतु बाजारात वसूल होणारी गोष्ट सर्वांना कळेल अशाच भाषेत लिहावी लागते. त्या मराठी भागाची वाक्यरचना ‘जे-ते’ची आहे: जो माल विकला जाईल, त्याचे अमुक मठाला. मराठीच्या अगदी आरंभीच्या गद्यातील ही संबंधी वाक्ये एका गणिताच्या पाठशाळेसाठी घातलेल्या अटी आहेत, ही गोष्ट आपल्या भाषेतिहासाच्या पुस्तकांत ठळकपणे यायला हवी.

यंत्रांच्या जगात आवर्तन प्रथम आले ते विणकामातून. फ्रान्समधील जाकार याच्या १८०४ च्या सुमाराच्या मागात भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची साखळी नक्षी ठरवत असे. साखळी संपली की तीच पुन्हा फिरे. सोलापुरी चादरीची नक्षी विणणारा ‘जेकार्ड’ तो हाच. चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी या पुठ्ठ्यांची कल्पना उचलली आणि १८४३ साली एडा लव्हलेस हिने त्या यंत्रावर लिहिलेल्या टिपांत क्रियांच्या पुनरावृत्त समूहाला ‘सायकल’, म्हणजे चक्र, असाच शब्द वापरला. यंत्र प्रत्यक्षात पूर्ण झाले नाही, पण शब्द टिकला.

अटीला माणसाच्या वाक्याचे रूप येण्यास मात्र आणखी शतकाहून अधिक काळ लागला. १९५७ साली आयबीएम कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरट्रान ही भाषा तयार केली. तिच्यात ‘इफ’ होता, पण ‘नाहीतर’ नव्हता. एखादी संख्या ऋण, शून्य की धन एवढे पाहायचे आणि त्यानुसार तीन वेगवेगळ्या क्रमांकांच्या ओळींवर उडी मारायची, असा तो होता. म्हणजे वाक्य नव्हे, फाट्यावरची पाटीच. जॉन मॅकार्थी बुद्धिबळाच्या खेळींसाठी फोरट्रानमध्ये प्रोग्राम लिहीत असता त्यांना ही रचना अडचणीची वाटली. अट, तिचे फलित आणि अन्यथा या तिन्ही गोष्टी एकाच रचनेत याव्यात, अशी सूचना त्यांनी केली. १९६० साली पॅरिसच्या बैठकीत आकारास आलेल्या अल्गोल ६० या भाषेत ‘इफ-देन-एल्स’ ही त्रयी स्थिर झाली. आज जगभर शिकवले जाणारे अटीचे वाक्य ते हेच.

उड्यांचा प्रश्न तरीही शिल्लक होता. प्रोग्राममध्ये कोठूनही कोठेही उडी मारण्याची मुभा असल्याने वाचणाऱ्याला सूत्र सापडत नसे. १९६६ साली बोम आणि जाकोपिनी या इटालियन गणितज्ञांनी दाखवले की क्रम, अट आणि आवर्तन या तीन रचना पुरेशा आहेत. उडीची गरज नाही. १९६८ साली डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी उडीच्या आज्ञेविरुद्ध लिहिलेले पत्र गाजले. त्यांचा आक्षेप मुळात वाचनाविषयीचा होता: कागदावरचा मजकूर आणि प्रत्यक्ष घडणारी क्रिया यांतले अंतर शक्य तितके कमी असावे. निबंधाच्या परिच्छेदांविषयी आपण विद्यार्थ्यांना हेच तर सांगतो.

आपल्याकडे हा धडा घरोघर पोहोचला तो बऱ्याच उशिरा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा देशी संगणक कार्यान्वित झाला होता, पण तो संशोधकांसाठी. सामान्य विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी ‘इफ’ आणि ‘व्हाइल’ गिरवले ते मुख्यतः नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या इंग्रजी पुस्तकातून. डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत घडवलेली सी ही भाषा भारतीय विद्यार्थ्याला त्याच्या परिचयाच्या उदाहरणांतून समजावणे, हे या पुस्तकाचे वैशिष्ट्य. त्यातील अटी पाहाव्यात: मूळ पगार पंधराशेपेक्षा कमी असेल तर घरभाडे आणि महागाई भत्ता एका दराने, नसेल तर दुसऱ्या; गुण साठ वा अधिक असतील तर प्रथम श्रेणी; कंपनीचा वाहनचालक विवाहित असेल तर विमा, अविवाहित पुरुष असेल तर वय तिसाच्या वर हवे, अविवाहित स्त्री असेल तर पंचविसाच्या. हे केवळ व्याकरणाचे सराव नव्हेत. पगारदार मध्यमवर्ग, परीक्षा आणि कार्यालयीन नियम यांनी बांधलेला एक समाज या अटींतून दिसतो. पुढे कधी कोणी या काळाचा सामाजिक इतिहास लिहील, तेव्हा त्याने कादंबऱ्यांबरोबर प्रोग्रामिंगच्या पुस्तकांतील उदाहरणेही वाचावीत.

या साऱ्या इतिहासाचे सार काढायचे तर असे म्हणता येईल. यंत्राने अटीच्या वाक्यातून हळहळ, जिद्द, धमकी आणि मोकळीक काढून घेतली. ते नुकसान आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या बदल्यात त्याने बोलणाऱ्याला दोन प्रश्नांची उत्तरे द्यायला लावली. अट खरी ठरली नाही तर काय? आणि आवर्तन थांबणार केव्हा? ज्या प्रोग्राममध्ये दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसते तो फिरतच राहतो. कोणताही प्रोग्राम थांबेल की नाही हे आधीच सांगू शकणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे ॲलन ट्यूरिंग यांनी १९३६ सालीच सिद्ध केले होते. म्हणूनच थांबण्याची खूण लिहिणाऱ्यानेच घालायची असते. ती यंत्रावर सोपवता येत नाही.

हे दोन प्रश्न केवळ यंत्राच्या कामाचे नाहीत, हे जतच्याच एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जत तालुक्यातील ४० गावांनी कर्नाटकात सामील होण्याचे ठराव पूर्वी केले असल्याचा उल्लेख केला आणि दोन्ही राज्यांत खळबळ उडाली. ते ठराव २०१२ चे, पाणीटंचाईच्या काळातले आहेत, असे महाराष्ट्राचे तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी स्पष्ट केले. राजकीय चर्चा सीमेभोवती आणि अस्मितेभोवती फिरली. पण भाषेच्या अभ्यासकाने पाहावे ते मागणीच्या रचनेकडे. तिचा आशय ‘आम्हाला जायचे आहे’ असा सरळ स्वार्थी नव्हता. तो होता: पाणी द्या, नाहीतर जाऊ द्या.

‘नाहीतर’ हा शब्द आपण एकत्र लिहितो, पण त्यात ‘नाही’ आणि ‘तर’ दोन्ही शाबूत आहेत: पाणी दिले नाही, तर. म्हणजे इंग्रजी ‘एल्स’मध्ये जी अट लपलेली असते ती मराठी शब्दात उघड आहे. चर्चेत मात्र ‘तर’नंतरचा भागच तेवढा उचलला गेला आणि आधीची अट गळाली. अटीचे वाक्य अर्धे वाचले की विनंतीचा फुटीरपणा होतो. फोरट्रानमध्ये ‘नाहीतर’ नव्हता म्हणून प्रोग्राम कळत नसे. येथे ‘नाहीतर’ असूनही वाचणाऱ्यांनी तो गाळला.

दुसरा प्रश्न आवर्तनाचा. कालव्याला ठरावीक काळाने पाणी सुटणे याला आपल्याकडे ‘आवर्तन’ म्हणतात. ‘लूप’साठी हाच शब्द योजावा, असे मला म्हणूनच वाटते. मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून पूर्वेकडील दुष्काळी तालुक्यांना देण्याची योजना अनेक दशकांची आहे. २०२२ च्या वादानंतर, जतमधील वंचित राहिलेल्या ४८ गावांसाठीच्या विस्तारित म्हैसाळ योजनेला राज्य शासनाने मान्यता दिली. दरम्यानच्या काळात दुष्काळी वर्षी उन्हाळ्यात टँकर येत, पावसाळ्यात थांबत, आणि पुढच्या टंचाईत पुन्हा येत. हेही एक आवर्तनच. पण त्याला थांबण्याची खूण नव्हती. ‘पाणी येईपर्यंत टँकर’ या वाक्यात ‘येईपर्यंत’ आहे, तारीख नाही. शासकीय पत्रव्यवहारातील ‘यथावकाश’, ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’, ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ हे शब्दप्रयोग याच जातीचे आहेत. त्यांत अट असल्याचा भास होतो, परंतु ती कोणी, केव्हा, कशी तपासायची हे कोठेच नसते.

म्हणून मराठीच्या अभ्यासक्रमात उपयोजित लेखनाच्या तासाला एक साधा पाठ घ्यावा, असे सुचवावेसे वाटते. एखादा ग्रामसभेचा ठराव, एखादे शासकीय परिपत्रक आणि पाटणच्या शिलालेखाचा मराठी भाग असे तीन मजकूर विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत. प्रत्येकातील अट कोणती, ‘नाहीतर’ काय, आणि थांबण्याची खूण कोठे आहे, हे शोधायला सांगावे. माझा अंदाज असा की १२०७ सालचा मजकूर या कसोटीला सर्वांत चांगला उतरेल: कोणत्या मालावर, कोणी, किती द्यायचे हे त्यात नोंदलेले आहे. पुढच्या तासाला हेच विद्यार्थी संगणकाच्या प्रयोगशाळेत जातील, तेव्हा ‘एल्स’ म्हणजे काय हे त्यांना निराळे समजावून सांगावे लागणार नाही.